एकशे तीनपर्यंत

2009 च्या जुलैत साताऱ्याहून पुण्याला येताना खेड शिवापूरच्या टोलनाक्याअलीकडे मी एका मारुती 800 ला मागून ठोकलं. पाऊस होता, पुढची रांग थांबत आली होती आणि माझी नजर मांडीवर वाजणाऱ्या मोबाइलवर होती. हे आज मी सरळ लिहितो. तेव्हा स्वतःशी कबूल करायलाही मला चार दिवस लागले.

मी उतरलो तो ओरडतच. "असा ब्रेक मारतं का कुणी?" पुढच्या गाडीतून साठी ओलांडलेले एक गृहस्थ उतरले. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "लागलं का कुठं?" मग ते मागच्या सीटवरच्या काकूंकडे गेले. माझा आवाज तिथेच बसला.

पुढचा अर्धा तास सगळं त्यांनीच केलं. दोन्ही गाड्यांचे आणि नंबरप्लेटचे फोटो घ्यायला लावले, मगच गाड्या हलवू दिल्या. माझ्या ऑल्टोखाली हिरवट पाणी साचत होतं. मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात त्यांनी हात धरला. "रेडिएटर फुटलाय. चालू केलीत तर इंजिन जाईल." आम्ही गाडी ढकलत कडेला घेतली. उघडं पडलेलं बॉनेट त्यांनी स्वतःच्या गाडीतल्या सुतळीनं बांधलं. मी खिशातून दोन हजार काढले. मला ते प्रकरण तिथंच मिटवून पळायचं होतं. ते म्हणाले, "आधी डिकी उघडते का बघू." ती उघडली नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत. फक्त नाव, फोन नंबर, विम्याची कागदं पाहून टिपून घेतली आणि माझी गाडी टोचन करून नेणाऱ्याची वाट बघत पावसात थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा तीनदा फोन आला. मी एकदाही उचलला नाही. आता हे मोठा आकडा सांगणार, काकूंच्या दवाखान्याचं काढणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. संध्याकाळी लाजेनं मीच फोन लावला. ते म्हणाले, "मागून धक्का बसला की मान त्या दिवशी गप्प राहते, दुसऱ्या दिवशी धरते. हिची धरलीय. तुमची कशी आहे, तेवढं विचारायचं होतं." काकूंना दहा दिवस पट्टा घालावा लागला. त्या तीन न उचललेल्या फोनांची आठवण मला ठोकरीपेक्षा जास्त जाचते.

चौथ्या दिवशी ते गॅरेजवर आले. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आहेत, 25 वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांना मिळालेला आहे, हे मला तिथं मिस्त्रीकडून कळलं. अशा माणसाला मी ब्रेक शिकवायला निघालो होतो. मी विम्याचा क्लेम फॉर्म भरत होतो. त्यांनीच हिशेब समजावला: प्लॅस्टिकच्या बंपरचे निम्मेच पैसे मिळतील, आणि क्लेम घेतला की दोन वर्षांत जमलेला 25 टक्के नो क्लेम बोनस जाईल. नुसता बंपर असता तर खिशातून भरणं परवडलं असतं, पण रेडिएटर आणि कंडेन्सर गेल्यावर क्लेमच बरा. मग त्यांची नजर 'अपघात कसा घडला' या रकान्यावर गेली. मी लिहिलं होतं, 'कुत्रे आडवे आल्याने पुढील वाहन अचानक थांबले.'

"कुत्रं कुठं होतं?"

मी गप्प. ते हळू आवाजात म्हणाले, "स्वतःची चूक झाली म्हणून विमा नाकारत नाहीत. त्यासाठीच तर विमा असतो. खोटं लिहिलंत तर मात्र नाकारतील." मी फॉर्म फाडला आणि दुसरा मागून घेतला. क्लेम मंजूर झाला. त्यांच्या नुकसानीसाठी माझ्या विम्याकडे दाद मागायची तर मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या तारखा आल्या. ते तिकडे गेलेच नाहीत. ओळखीच्या मिस्त्रीकडून डिकी आणि बंपर सरळ करून घेतला आणि त्यासाठी मी नंतर दिलेल्या पैशांतले उरलेले साडेतीनशे रुपये पावतीसकट परत आणून दिले.

त्यानंतर एका रविवारी ते माझ्या शेजारी बसले. "पुढची गाडी त्या झाडापाशी गेली की मोजायला लाग. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधी तू झाडापाशी पोचलास, तर जवळ आहेस. पावसात सहापर्यंत मोज. थांबलास की पुढच्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत." साठच्या वेगानं गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढं जाते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुढचं वाहन एकाएकी थांबलं तरी धडक टळेल इतकं अंतर ठेवण्याची जबाबदारी मागच्याची, हे 1989 च्या रस्ता नियमांतही होतं. परवाना मिळवून तीन वर्षं झाली होती, आणि यातलं काहीच माझ्या पायापर्यंत पोचलं नव्हतं. 'तुम्ही'चं 'तू' त्यांनी त्या रविवारी केलं, हे मी अजून जपून ठेवलं आहे.

आता त्यांना कमी दिसतं. त्यांनी गाडी विकली. दर दिवाळीला मी त्यांना आणि काकूंना गावी सोडायला जातो. गेल्या खेपेला खंबाटकीच्या चढाला पुढं उसाचा ट्रक लागला. मी वेग कमी केला. ते काही बोलले नाहीत. काचेतून पुढं बघत बसले होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.