चढाचे पैसे

पुण्याकडे निघालेल्या बहुतेक लांबच्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. पुढे 37 फुटांना एक फूट असा चढ आहे, एकट्या इंजिनाचं ते काम नव्हे. सायकलला अशी सोय नाही. पण पावतीपुस्तक घेऊन जो दारोदार हिंडला आणि ‘पुण्यापर्यंत सायकलनं जातो, किलोमीटरमागे दहा रुपये द्या’ असं बोलून बसला, त्याला मागून ढकलणारे बरेच असतात. शेजारचे काका, ऑफिसातले दोघंतिघं, आणि ‘जमेल का रे तुला?’ असं विचारून वर शंभराची नोट काढून देणारी मावशी.

पैसे वाडीवरच्या मुलींना शाळेसाठी सायकली घ्यायला होते. म्हणजे सायकलींसाठी सायकल, तीही उसनी आणणारा मी. गिअर कधी टाकायचा हे मला पळसदरीला कळलं, तोवर मांड्या भरून आल्या होत्या. सीटविषयी न लिहिलेलंच बरं. डिसेंबरातली सकाळ मात्र देखणी होती. भात निघून गेलेल्या शेतांत वाल वर आला होता, आणि मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचे, पोपटीचे दिवस जवळ आल्याची बातमी बांधावरची भांबुर्डी देत होती.

खोपोलीत टाटांचं वीजघर आहे. वरच्या तलावांचं पाणी 1915 पासून डोंगरावरून खाली येतं आणि वीज देऊन पुढे जातं. मी निघालो होतो नेमका उलटा, खालून वर. द्रुतगती महामार्गावर सायकलला मज्जाव, म्हणून जुना घाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरतो तो याच घाटात. मी इथे प्रजा. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो.

चालल्यामुळे शिंग्रोबाच्या देवळाशी थांबता आलं. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा हा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्यांनीच त्याला मारलं, असं लोक सांगतात. ट्रकवाले अजून त्याच्यापुढे नाणं टाकून जातात. चैत्रात याच वाटेनं एकवीरेच्या पालख्या निघतात, तेव्हा आगरी-कोळी माणसं पायीच कार्ल्याला जातात. गाडीनं गेलं तर देवी काही नको म्हणणार नाही, पण मनाला पटत नाही. देहाला तोशीस पडली की मगच दान-नवस खरा वाटतो, ही आपली जुनी खोड आहे. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी 2015 मध्ये आळीपाळीनं सायकल हाणत अमेरिकेचे सुमारे 4,800 किलोमीटर नऊ दिवसांच्या आत पार केले, तेही आदिवासींच्या नेत्रसेवेचं नाव घेऊन. दवाखान्यात बसून आवाहन केलं असतं, तर किती जणांनी मान वर केली असती?

हिशेब इथवर जुळतो. पुढे तो बिघडतो. चढाला लागण्याआधी रस्त्याच्या कडेनं एक कातकरी बाई लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन चालली होती. पायात चप्पल नाही, मोळी तिच्यापेक्षा लांब. तिच्या घामाला किलोमीटरमागे कोणी काही देत नाही. मोळीचा जो भाव ठरेल तो ठरेल, आणि तोही घासाघीस करूनच. माझ्या हौसेच्या धापेला दहा रुपये आणि तिच्या पोटापाण्याच्या धापेला काहीच नाही, हा दर ठरवला कुणी? हा प्रश्न मनात होता तरी मी पावत्या परत केल्या नाहीत. करूही नयेत. वाडीवरच्या मुलीला सायकल हवी आहे, माझ्या मनाची टोचणी नको आहे.

तेव्हा घाटात कोणी सायकल हातात धरून चालताना दिसला तर मागून हॉर्न वाजवू नका. कबूल केलेले पैसे मात्र पुरते द्या. चाललेल्या किलोमीटरचे कापून घेऊ नका.