चवथीला तीनची भरती

आमचं नागपूर समुद्रापासून फार लांब आहे. पाणी म्हणजे आम्हाला अंबाझरी आणि फुटाळा. तलावाचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, पण सकाळी बघितलं तिथेच संध्याकाळीही असतं. समुद्र तसा नसतो हे मला शाळेच्या भूगोलापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला जे झालं ते झालंच. आमच्याकडून पुष्कळ लोक आता तिकडे जातात, म्हणून सांगते.

आम्ही चौघं गेलो होतो: मी, हे, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्टच्या. गुडघे दुखतात, पण चालतात. त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. भाऊबीज दुपारी उरकली आणि संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघालो. सकाळी मुंबईला उतरून गेटवेवरून मांडव्याची बोट घेतली. तिथून बोटीच्याच तिकिटावर अलिबागपर्यंत बस मिळते. त्या दिवशी नुसता आराम केला. संध्याकाळी किनाऱ्यावरून समोर पाण्यात उभा कुलाबा किल्ला दिसत होता. आत गणपतीचं देऊळ आहे आणि उद्या विनायकी चतुर्थी, असं सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या महिन्याच्या दोन्ही चतुर्थ्या करतात. दर्शनाला सकाळीच जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला किनाऱ्यावर आलो आणि थक्क झालो. काल जिथे पाणी होतं तिथे ओली वाळू आणि खडक. माणसं रांगेने किल्ल्याकडे चालत होती. घोडागाड्याही जात होत्या. आम्ही पायीच निघालो. एका गाडीवाल्याने विचारलं, "आजी येतील का चालत? बसवा गाडीत. आणि चालत जाणार असाल तर अकराच्या आत बाहेर पडा." मला वाटलं, गाडीत बसवायला म्हणतोय. मी हसून मान हलवली. त्याचं ते एक वाक्य मी मनावर घेतलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. वाटेत फार तर घोट्याइतकं पाणी होतं.

किल्ला खरोखर बघण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून चाले. तटाचे दगड चुन्याने सांधलेले नाहीत, एकावर एक नुसते रचलेत. मुलाने एका फटीत हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. आत ओलं आणि थंडगार लागत होतं, बोटाला वाळू लागली. लाट आपटली की पाणी या फटींतून आत शिरतं, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि भिंतीला धक्का कमी बसतो. वाड्यांची जोती तेवढी उरली आहेत. समुद्राच्या मधोमध असून आत गोड्या पाण्याचा साठा आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. मुलगा तिथून हलेना.

गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. सासूबाई तिथे अथर्वशीर्ष म्हणायला बसल्या. एकदा झालं, मग म्हणाल्या, आज चतुर्थी आहे, अकरा आवर्तनं करते. मी त्यांना थांबवलं नाही. इतक्या लांबून आल्या होत्या. अकरा वाजताची आठवण मला झाली होती, हेही खरं सांगते. पण वाटलं, पंधरावीस मिनिटांनी काय होतंय.

दरवाजाबाहेर आलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. आल्या वाटेवर पाणी होतं. लोक मात्र अजून चालत होते, पाणी त्यांच्या गुडघ्याखालीच दिसत होतं. आम्हीही उतरलो. इथे दुसरी चूक झाली. मधला भाग खोलगट आहे हे सकाळी कोरड्यात कळलंच नव्हतं. पाणी समोरून येत नव्हतं, किल्ल्याला वळसा घालून दोन्ही बाजूंनी येत होतं. अर्ध्यावर गेलो तोवर माझ्या मांडीपर्यंत आलं. मुलाच्या कमरेला लागलं. सासूबाईंचं सहावारी भिजून पायांना घट्ट चिकटलं, त्यांना पाऊल उचलता येईना. त्या म्हणाल्या, "पाणी वाढून राह्यलं नं गं." एवढंच. आवाज अगदी बारीक झाला होता.

ह्यांनी मुलाला उचललं. सासूबाईंना मी धरलं होतं, पण एकाच हाताने. दुसऱ्या हातात मोबाइल आणि पैशांची पिशवी होती, ती मी डोक्यावर धरली होती. त्यांचा पाय खडकावरून घसरला आणि त्या पाण्यात बसल्या, तेव्हा मी पिशवी सोडली. आधी का सोडली नाही, हे आजही मनात येतं.

तेवढ्यात किल्ल्याकडून शेवटची घोडागाडी येत होती. घोड्याच्या पोटाला पाणी लागत होतं. सकाळचाच गाडीवाला. एक शब्द न बोलता त्याने गाडी आडवी लावली, उडी मारली आणि सासूबाईंना दोन्ही हातांनी उचलून वर बसवलं. आम्हालाही घेतलं. पिशवी तरंगत होती तीही त्यानेच काढून दिली. किनारा येईपर्यंत कोणी बोललं नाही.

मोबाइल गेला. माझी आणि मुलाची चप्पल वाहून गेली. सासूबाईंच्या तळव्याला खडकावरच्या कालवांची धार लागून चीर पडली होती. खाऱ्या पाण्यात असेपर्यंत ती त्यांना कळली नाही, वाळूवर रक्त दिसलं तेव्हा कळली. दवाखान्यात जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. टाके पडले नाहीत. किल्ल्यावर जायचं तर मागून पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट घाला. नुसत्या रबरी चपला पाण्यात पायात राहत नाहीत.

संध्याकाळी आम्ही गाडीवाल्याला शोधायला गेलो. त्याने ठरल्या भाड्याच्या वर पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, तुम्हाला अकरा कसं कळलं? तो म्हणाला, "ताई, आज चवथ ना? चार गुणिले पाऊण, तीन. तीनला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, नऊला पूर्ण ओहोटी. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी जायचं आणि नंतर दीड-दोन तासांत परतायचं. मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात चढतं. तुम्ही नेमक्या त्यातच उतरलात."

मग त्याने नीट समजावलं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला ओहोटी. रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. भांगाला ओहोटीतही वाट पूर्ण कोरडी होईलच असं नाही. हा ढोबळ हिशोब आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे किनाऱ्यावर विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

सासूबाई बाजूला बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे उद्या पंचमीला पावणेचार. आपल्याला सकाळी साडेनऊ बरी." गाडीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. आम्हा कोणाला आज कोणती तिथी आहे हे सांगता येत नाही. त्यांना सगळा महिना पाठ आहे. पन्नास वर्षं उपास करताहेत.

मी परत फिरायचं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचा कोट बघायला जायचंच, असं त्यांनीच सांगितलं. पायाला पट्टी बांधून गेल्या. अलिबागहून एसटीने सतराएक किलोमीटर. रस्ता पोर्तुगीजांच्या कोटाच्या पडक्या दरवाजातूनच आत जातो. कोटाच्या आत माणसं राहतात, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. शेजारचं चौल हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आलेलं बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. सातखणी नावाचा मनोरा आहे, पण आता त्याचे सात मजले उरलेले नाहीत. पायथ्याशी गवतात तोफा पडल्या आहेत. भिंतींतून वडाची मुळं उतरली आहेत. समुद्राच्या बाजूला तट आणि वाळू यांच्यामधून आम्ही सावकाश चाललो. तटावर माझ्या छातीइतक्या उंचीपर्यंत शेवाळाची हिरवी रेघ होती. मुलाने विचारलं, ही कसली? सासूबाई म्हणाल्या, "इथवर येते भरती." आणि लगेच ह्यांना विचारलं, "किती वाजले?" अकरा वाजले होते. आम्ही निघालो.

नागपूरला आल्यावर मी कालनिर्णय त्यांच्या खोलीतून बैठकीत आणून टांगलं. परवा संकष्टी होती. दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिकडे पाणी भरलं असेल आता. गाडीवाला घरी गेला असेल जेवायला."