बागेला पुन्हा कुलूप, आणि यावेळी कारण वारा नाही

आपल्या गावातल्या बागेच्या गेटवर परत 'प्रवेश बंद'चा बोर्ड लागलाय. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जो वारा-पाऊस झाला त्यात दोन झाडं पडली, कंपाउंडची भिंत दहा-बारा फूट आडवी झाली आणि घसरगुंडीवर एक फांदी आली. शाळा १६ तारखेला उघडतायत. म्हणजे पोरांच्या सुट्टीचे उरलेसुरले दिवस, आणि बाग बंद.

गेटचा फोटो टाकला तेव्हा खाली दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. काहींनी लिहिलं, बरं केलं, कोणाच्या डोक्यात पडायच्या आधी बंद केलेलं चांगलं. काहींनी एवढंच विचारलं, आता परत अडीच वर्षं का?

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मोठं आहे, सवडीने वाचा.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. आपल्याला वेगळं सांगायला नको. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा भर दुपारी आपल्या दक्षिण रायगडच्या पट्ट्यातून आत शिरला, आणि संध्याकाळी बाहेर पडलो तर गावातला ओळखीचा रस्ता ओळखू येत नव्हता. योगायोग असा की कोरोनाच्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने 'मिशन बिगिन अगेन' म्हणून जे काही जाहीर केलं, त्याचा पहिला टप्पाही ३ जूनचाच. मोठ्या शहरांतल्या लोकांना बागेत, मैदानात, समुद्रावर फिरायला, धावायला परवानगी त्या दिवसापासून होती. आणि आपल्याकडे त्याच दिवशी बागेत चालायला जागा उरली नाही.

त्यानंतरचे कित्येक दिवस बागेचा विषय कोणाच्या डोक्यात नव्हता, आणि तेच योग्य होतं. घरावर पत्रे नाहीत, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही, विहिरीत पाचोळा. ज्यांच्या पोफळी मोडल्या त्यांची तर दहा-दहा वर्षांची कमाई आडवी झालेली. नवीन पोफळ लावली तर हाताशी सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात. अशा वेळी झोपाळे कधी चालू करणार म्हणून कोणी विचारलं असतं तर मीच त्याला खुळ्यात काढलं असतं.

पण पावसाळा संपला, दिवाळी गेली, हॉटेलं उघडली, किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या परत दिसायला लागल्या. तरी बागेचं कुलूप काही निघेना. कोरोनाचं म्हणावं तर बाकी सगळं उघडलेलं. मग मी कार्यालयात चौकशीला गेलो.

तिथला किस्सा मी आधीही सांगितलाय, पण ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी. टेबलावरच्या भाऊंना विचारलं, "बागेचं काय झालं पुढे?" ते मान वर न करता म्हणाले, "सातबारा आणलाय का?" त्यांचा काही दोष नाही. आपल्या कोकणात बाग म्हटली की नारळी-पोफळीची. पंचनाम्याच्या कागदात घराला रकाना आहे, गोठ्याला आहे, होडीला आहे, झाडांना आहे. घसरगुंडीला नाही. मी म्हटलं, "ती बाग नाय हो, गार्डन." तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "अच्छा, ते होय. त्याचं एस्टिमेट व्हायचंय."

ते एस्टिमेट व्हायला वर्ष गेलं. मधल्या काळात पडलेली झाडं बागेतच पडून. का, तर लाकडाचा लिलाव व्हायचाय. लिलाव का होत नाही, तर मूल्यांकन व्हायचंय. दोन पावसाळे खाल्ल्यावर त्या लाकडाची काय किंमत उरली असेल ते लाकडाच्या वखारीवाल्याला विचारा. खाली जनावरं झाली. जनावरं म्हणजे आपल्याकडची जनावरं, लांबडी.

आता एक गोष्ट, जी बातमीत कधी नीट आली नाही. बाग बंद झाल्याने पोरांचं फारसं अडलं नाही. मुलगे समुद्रावर गेले, खाडीच्या बाजूला क्रिकेट खेळले, कोणी शाळेच्या मागे. अडलं ते मुलींचं. आठवी-नववीच्या मुली संध्याकाळी "बागेत जाते" म्हणून घरातून निघत, आणि त्याला कोणी नाही म्हणत नसे. तिथे चार बाया बसलेल्या असायच्या, भेळवाला असायचा, दिवा असायचा. "समुद्रावर जाते" म्हटलं की घरचं उत्तर वेगळं असतं, हे मी लिहायला नको. माझ्या शेजारच्या ताई एकदा सहज म्हणाल्या, "माझी पोर दोन वर्षं गच्चीवरच मोठी झाली." ज्या बायकांना डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलेलं, त्या हायवेच्या कडेने डंपरांच्या धुळीत चालत होत्या. भेळवाल्याने गाडी विकली, तो आता पनवेलला कुठे तरी वॉचमन आहे.

आणि बाग बंद होती म्हणजे काय होती? पुढच्या गेटला कुलूप. मागची भिंत वादळात पडलेली ती तशीच. पोरं मागून जात होती. २०२१ च्या दसऱ्याच्या सुमारास चौथीतला एक मुलगा गंजक्या साखळीच्या झोपाळ्यावर बसला, साखळी तुटली, हात दोन ठिकाणी मोडला. कार्यालयाचं म्हणणं, बाग बंद आहे, आत गेलाच का? कागदोपत्री म्हणणं बरोबर. पण बाग चालू असती तर माळी असता, मोठी माणसं असती, तो झोपाळा कोणी तरी काढून ठेवला असता.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. वादळानंतर एका शेजारच्या गावात पर्यटक यायला लागले म्हणून सुरूच्या बनाखाली पार्किंग लगेच चालू केलं. वरून सगळं ठीक दिसत होतं. पण वाऱ्याने गदगदा हललेलं झाड लगेच पडतंच असं नाही. मुळं सैल होतात, खोडाला आतून चीर जाते, आणि चार-सहा महिन्यांनी साध्या वाऱ्यात ते कोसळतं. तिथे तेच झालं. गाडीच्या टपावर झाड आलं. गाडीवाले चहा प्यायला गेले होते म्हणून वाचले. तेव्हा जे लोक म्हणतात आधी बघा, मग उघडा, त्यांना घाबरट म्हणू नका.

प्रश्न असा की बघायचं कोणी, आणि किती दिवसांत?

अमेरिकेत २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी नावाचं वादळ न्यूयॉर्कवर आलं. रॉकवे म्हणून तिथला किनारा आहे, मैलोन्‌मैल लाकडी फळ्यांचा फिरायचा रस्ता होता, त्यातला बराचसा वाहून गेला. तो पूर्ण बांधून व्हायला २०१७ उजाडलं. म्हणजे त्यांनाही वेळ लागला, साडेचार वर्षं. पण किनारा त्यांनी साडेचार वर्षं बंद ठेवला नाही. पुढच्याच उन्हाळ्यात, मे २०१३ ला, जेवढा भाग नीट होता तेवढा लोकांना उघडून दिला. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं बेट त्याच वादळात बंद पडलं. ते ४ जुलैला उघडणार, हे त्यांनी काही महिने आधीच सांगितलं, आणि उघडलं. लगेच कोणी म्हणेल, भाऊ, त्यांच्याकडे पैसा आहे. आहेच. पण गेटवर तारीख लिहायला किती पैसा लागतो? बागेच्या डाव्या बाजूला आपल्याकडे एक झाड पडलं नव्हतं, चार बाकडी शाबूत होती. मधे दोरी बांधून ती बाजू पहिल्याच डिसेंबरात उघडता आली असती.

असो. शेवटी पैसे आले, टेंडर निघालं, काम झालं. काम झालं २०२२ च्या दिवाळीला. लोकार्पण झालं २०२३ च्या फेब्रुवारीत. मधले तीन महिने नवे झोपाळे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून उभे, कारण पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. पोरं गेटच्या गजांतून हात घालून बघायची. मी त्याचा फोटो छापला तर एका नेत्याचा फोन आला, की चांगल्या कामात तुम्ही नकारात्मकता पसरवता. चांगलं कामच होतं, नाही कोण म्हणतं. रंगीत पेव्हर ब्लॉक, कारंजं (चार महिने चाललं), 'आय लव्ह' वाला सेल्फी पॉइंट, ओळीने बाटलीच्या आकाराचे पाम.

आता मूळ मुद्द्यावर येतो, जो गेल्या आठवड्यातला आहे.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला, २६ मेला तर मुंबई गाठली. त्याच आठवड्यातल्या वाऱ्यात आपली दोन झाडं गेली. एक भेंड, एक जुनं करंज. ही दोन्ही झाडं निसर्ग वादळात उभी होती! शंभराच्या वरचा वारा ज्यांनी सोसला ती झाडं मे महिन्याच्या वाऱ्यात पडली, हे मला पटेना. म्हणून पाऊस उघडल्यावर मागच्या बाजूने जाऊन बघून आलो. फोटो खाली जोडलेत, मोठे करून बघा.

करंजाचं बूड उपटून वर आलंय. एका बाजूला मुळं माणसाच्या मांडीएवढी, मातीसकट. दुसऱ्या बाजूला, जिकडे पेव्हर ब्लॉक आणि गटार आहे, तिकडे मुळं सरळ रेषेत कापलेली. सुरीने केक कापावा तशी. ती तुटलेली नाहीत. जेसीबीने कापलेली आहेत, आणि कापून इतके दिवस झालेत की टोकं काळी पडून कुजलीत. भेंडीची तीच गत. त्या बाजूला खोडाच्या चार बोटांवर काँक्रीट. झाडाला एका पायावर उभं केलं आणि तो पडला म्हणून वाऱ्यावर खापर फोडलं.

पंचनाम्यात कारण काय लिहिलंय? 'नैसर्गिक आपत्ती'.

म्हणजे वादळानंतर बाग उघडण्यासाठी जे काम केलं, त्याच कामाने बाग परत बंद पाडली. आणि आता 'आपत्ती'च्या नावाखाली परत एस्टिमेट, परत टेंडर, परत पेव्हर. आत अजून सहा मोठी झाडं आहेत. मी मोजली. त्यातल्या चारांच्या बुडाला असंच काँक्रीट आहे. त्यांच्या मुळांना काय झालंय ते वरून दिसत नाही, म्हणून ती तपासल्याशिवाय पोरांना त्याखाली सोडा असं मी म्हणणार नाही.

दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच सांगितलंय, की बुडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, काँक्रीट काढा. आपल्या राज्यात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायचीय. आपल्या बागेतल्या झाडांची शेवटची गणना कधी झाली, हे मी माहितीच्या अधिकारात विचारलंय. तीस दिवस मोजतोय. २०२२ पासून २०२५ पर्यंत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे सभेत प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. तुम्ही आणि मीच.

तज्ज्ञ आणायला लांब जायला नको. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, वन विभागाचे लोक तालुक्यात आहेत. एका दिवसाचं काम आहे. कोणतं झाड सुरक्षित, कुठल्या फांद्या उतरवायच्या, कुठलं काढावंच लागेल. काढावं लागलं तर माझी हरकत नाही, फक्त त्या जागी बाटली-पाम नको, उंडी किंवा करंज लावा. आपल्या किनाऱ्याचीच झाडं आहेत, वारा कसा खायचा ते त्यांना ठाऊक आहे.

मी एक अर्ज लिहिलाय. त्यात चारच मागण्या आहेत. डावी बाजू आठ दिवसांत दोरी बांधून उघडा, तिथे वर झाड नाही. उरलेली सहा झाडं जाणकाराकडून तपासा आणि तो अहवाल गेटवर लावा. बुडाभोवतीचं काँक्रीट एक मीटर काढा, आणि ते कोणाच्या देखरेखीखाली घातलं गेलं त्याचं नाव लेखी द्या. आणि बोर्डावर 'प्रवेश बंद'च्या खाली तारीख लिहा, कधी उघडणार.

सोमवारी सकाळी अकरा वाजता हा अर्ज मुख्याधिकाऱ्यांना देणार आहे. त्याआधी दहा वाजल्यापासून बागेच्या गेटसमोर, छपराखाली, सह्यांसाठी टेबल असेल. येताना शक्य असेल तर घरातल्या मुलींना घेऊन या. पाऊस असला तरी मी असेन. पेन आहेत, छत्र्या आपापल्या आणा.