शेकरूच्या रानात, कार्तिकी पौर्णिमेनंतर

चाकणच्या चौकातील कंटेनरांची रांग मागे पडते, राजगुरुनगर येते आणि तेथून वाड्याकडे वळलेला रस्ता चासकमान धरणाच्या पाण्याला सोबत घेत सह्याद्रीकडे चढू लागतो. पिंपरी-चिंचवडच्या व्यापारी कुटुंबांना भीमाशंकर ठाऊक असते ते ज्योतिर्लिंगामुळे. मंदिराभोवतीचे रान मात्र बहुधा मोटारीच्या काचेतूनच पाहिले जाते. १९८५ साली अभयारण्य घोषित झालेले हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे जंगल पायी हिंडण्याजोगे आहे.

केव्हा हिंडावे, हा प्रश्न जैन घरात निराळा ठरतो. पुण्या-मुंबईची गर्दी येथे लोटते ती आषाढ-श्रावणात, धुके आणि धबधब्यांसाठी. नेमक्या त्याच दिवसांत साधू-साध्वी विहार थांबवून एका गावी वर्षावास करतात. त्यामागचे कारण येथे डोळ्यांना दिसते. पायवाटेचा दगडन् दगड शेवाळाने माखलेला असतो. कुजक्या फांद्यांवर बुरशी उगवते, तिच्यातील काही जाती अंधारात मंद हिरवट उजळतात. गोगलगाई आणि खेकडे तर वाटेवरच हिंडत असतात. चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकायचे म्हटले, तर ते टाकायला जागाच उरत नाही. गृहस्थाला साधूंइतके बंधन नाही, हे खरे. तरी कार्तिकी पौर्णिमेनंतर निघणे केव्हाही श्रेयस्कर. तेव्हा वाटा कोरड्या असतात, हवा स्वच्छ असते आणि गुप्त भीमेपर्यंतची चाल मुलांनाही झेपते.

या रानाचा खरा धनी शेकरू. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी पाठीवर तांबूस-तपकिरी, पोटाकडे फिकट, आणि शेपूट अंगाहून लांब. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर वीस-वीस फुटांची झेप घेतो. एकच शेकरू उंच झाडांच्या फांद्यांत अनेक घरटी बांधतो. त्याचे सारे जीवन फांदीला फांदी भिडण्यावर उभे आहे. वाट रुंद झाली, मोटारतळासाठी चार झाडे गेली, की त्याचा रस्ताच तुटतो. मोटारींच्या सुट्या भागांवर पोट असलेल्या आपल्या पट्ट्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

रानात जांभूळ आहे, अंजन आहे आणि हिरडाही. तपस्वींच्या त्रिफळाच्या पाण्यातील हिरडा पुष्कळांच्या दुकानात असतो, पण झाड कोणी पाहिलेले नसते. उन्हाळ्यात महादेव कोळी कुटुंबे त्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, वेचून वाळवतात आणि व्यापाऱ्यांना विकतात. अनेक घरांच्या रोख कमाईत त्याचा मोठा वाटा असतो. वजनकाट्यावर घासाघीस करणाऱ्याने एकदा तरी हे झाड आणि ते चढणारा माणूस पाहून यावा.

मुक्कामाचे म्हणाल, तर अभयारण्यात मनास येईल तेथे तंबू ठोकता येत नाही; वनखात्याची परवानगी लागते, आणि आग पेटवणे हा गुन्हा आहे. तळेघरच्या बाजूस गावकऱ्यांना विचारून, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या शेतात राहणे सोयीचे. चौविहार पाळणाऱ्यांची येथे मुळीच अडचण होत नाही. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी डबे आटोपतात, आणि उजेडाची गरजही फारशी राहत नाही. पाणी घरूनच उकळून कळशीत न्यावे. रिकामी वेष्टने परत पिशवीत भरून आणावीत. खोक्यांच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावे लागू नये. शेकरू पाहायचा तर पहाटे उठावे, मोबाइल बंद ठेवावा आणि मान वर करून शांत उभे राहावे. आधी पाने हलतात, मग आवाज येतो.