दोन वर्षांचे कार्ड आणि आईचा रक्तदाब

रक्तदाब वाढला की गोळी वाढवण्याआधी घरची विचारपूस करावी, हे इतक्या वर्षांच्या व्यवसायानंतरही मी कधीकधी विसरते. मागील वर्षी असेच झाले.

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक काकू झोप लागत नाही म्हणून आल्या. रक्तदाब चढलेला होता. मी गोळीची मात्रा वाढवली. पंधरा दिवसांनी पाहते तो आकडा तसाच! तेव्हा कुठे मी विचारले, "काकू, घरी सगळे ठीक आहे ना?"

त्यांचे डोळे भरून आले. लेक अमेरिकेत; जावई तिथला नागरिक. तो हात उचलतो, म्हणून तिला घटस्फोट हवा होता. "पण कार्ड रद्द करून तुला परत पाठवीन, असं तो म्हणतो. मीच तिला सांगितलं, कार्ड पक्कं होईपर्यंत सोस." हे 'सोस'च त्यांना रात्री झोपू देत नव्हते.

परदेशवास्तव्याच्या कायद्याचे काम करणाऱ्या एका परिचित वकिलांकडून मी माहिती घेतली. विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वी मिळालेले ग्रीन कार्ड सशर्त आणि २ वर्षांचेच असते. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून 'आय-७५१' हा अर्ज करायचा असतो. मात्र घटस्फोट झाला असेल, किंवा पतीने छळ केला असेल, तर पत्नीला एकटीनेही अर्ज करता येतो. विवाह खऱ्या भावनेने केला होता, केवळ कार्डासाठी नव्हे, हे तिने दाखवावे लागते. कार्ड रद्द करणे पतीच्या हाती नसते. १० वर्षांचे कार्ड असेल, तर केवळ घटस्फोटामुळे ते जात नाही. नागरिकत्वाच्या अर्जासाठी मात्र सामान्यतः ३ ऐवजी ५ वर्षे थांबावे लागते. 'एच-४'वर असलेल्या पत्नीची गोष्ट वेगळी. तिचा दर्जा पतीच्या व्हिसावर अवलंबून असल्याने घटस्फोटाबरोबर तो संपतो. म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तिथल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

काकूंनी त्याच दिवशी कपाट उघडले. लग्नपत्रिका, छायाचित्रे, दोघांनी मिळून पाठवलेली शुभेच्छापत्रे काढून लेकीकडे रवाना केली. संयुक्त बँकखाते, भाडेकरार, करविवरणपत्रे यांच्या जोडीला असे कागदही पुराव्याच्या कामी येतात.

आपल्याही घरी असा प्रसंग आला, तर लेकीला प्रथम विचारा, "तू सुरक्षित आहेस ना?" जिवाला धोका असेल, तर तिने ९११ हा क्रमांक फिरवावा. 'लोक काय म्हणतील' हा विषय त्या फोनवर नको. आणि स्वतःच्या गोळ्या मनाने बंद करू नका, वाढवूही नका. डॉक्टरांना मात्र मनातले सांगा.

काकूंचा निकाल अजून लागायचा आहे. गोळी चालू आहे. पण परवा त्या म्हणाल्या, "आता तिला 'सोस' म्हणत नाही, डॉक्टर. 'मी आहे' म्हणते."