उसना खुबा आणि मधले दिवस

मनुष्याच्या शरीरांत शस्त्रवैद्यांनीं जे उसने अवयव बसविले, त्यांत खुब्याच्या सांध्याइतका यशस्वी दुसरा क्वचितच असेल. इंग्लंडांत रायटिंग्टन येथें जॉन चार्न्ली यांनीं १९६२ मध्यें धातूचा गोळा व टिकाऊ प्लास्टिकची वाटी यांची जोडी योजिली, आणि अंथरुणास खिळलेलीं माणसें पुन्हा जिने चढूं लागलीं. परंतु या उसन्या सांध्यांत रक्त खेळत नाहीं. त्यावर जंतु बसले म्हणजे ते स्वतःभोंवतीं चिकट पापुद्रा विणतात आणि त्याआड राहून औषधास दाद देत नाहींत. लागण ताजी असल्यास सांधा जागीं ठेवून भोंवतालचा भाग खरवडून धुतां येतो. दिवस गेले, कीं तो बहुधा काढावाच लागतो.

काढल्यावर पुढें काय? ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांच्या नांवानें ओळखली जाणारी शस्त्रक्रिया तेथें नुसती पोकळी ठेविते. पू आटतो खरा, पण पाय आंखूड होतो. हॅंबुर्गच्या बुखोल्ट्स यांनीं सांधा रोवण्याच्या सिमेंटांतच जंतुनाशक औषध कालविलें, व जुना सांधा काढून त्याच वेळीं नवा बसविण्याचा प्रघात पाडला. अन्यत्र दोन टप्प्यांची रीत रूढ झाली: आधीं औषधी सिमेंटचा तात्पुरता गोळा, कांहीं आठवडे औषधें, आणि मग नवा सांधा.

या ‘कांहीं आठवडे’ शब्दांचा अर्थ आम्हांस आमच्या आत्याबाईंच्या दुखण्यांत कळला. त्यांचे साडेतीन महिने झाले. पायावर भार द्यावयाचा नाहीं. पाटावर बसणें दूरच, कूस बदलावयासही माणूस लागे. रक्ततपासणीचा आंकडा घरांत पंचांगासारखा पाहिला जाई. “डॉक्टर, माझा पाय गहाण ठेवून घेतलात, सोडवणार कधीं?” असें त्या दर खेपेस विचारीत.

ब्रिटन व स्वीडनमधील १४० रोग्यांवर झालेली या दोन रीतींची तुलना २०२२ मध्यें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाली. अठरा महिन्यांअंतीं वेदना व हालचाल यांविषयीं रोग्यांनीं जें सांगितलें, त्यांत फारसा भेद आढळला नाहीं. तीन महिन्यांच्या सुमारास मात्र एकाच टप्प्यांत सुटलेले रोगी अधिक बरे होते. म्हणून दुसरी रीत टाकून द्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं. जंतूची जात कळली नसेल, हाड किंवा मांस खराब झालें असेल, तर शहाणा शस्त्रवैद्य थांबेलच. परंतु त्या थांबण्याचें मोल रोगी देतो, आणि निवड करतांना तें त्याच्यासमोर मोजून ठेवलें जावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

हा दुसरा मार्ग तुम्हांस सांगितला होता काय, असें आम्हीं आत्याबाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, “सांगितला असेल. अंगांत ताप होता रे. कोण काय सांगतें तें डोक्यांत शिरतें कुठें!”