बर्फाखाली गळ

कृष्णाकाठाला वाढलेल्या पोराला गळ टाकायला वेगळं कुणी शिकवत नाही. आमचं गाव पलूस तालुक्यात, भिलवडीपासून फार लांब नाही. उकिरड्याजवळची ओल उकरायची, गांडुळं डब्यात घ्यायची, दोरीला मोरपिसाची काडी बांधायची आणि मळीच्या कडेला जाऊन बसायचं. चिलापी लागली की काडी टुकटुक नाचते. शिंगटा असला तर सरळ बुडते. काडी वाचता आली की झालं, कारण पाण्यातलं काम गांडूळच करतं. ते वळवळतं, त्याचा वास सुटतो, मासा येतो.

थोरली लेक अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. एका हिवाळ्यात द्राक्षबाग धाकट्या भावावर सोपवून तिच्याकडं गेलो. जावयांना तळ्यावर मासे धरायचा नाद आहे. त्यांनी माझाही परवाना काढला.

“पाव्हणं, हितं गांडूळ कुठं गावंल?” मी विचारलं.

“पप्पा, गांडूळ नको. हे बघा,” म्हणत त्यांनी एक पुडी हातात दिली. आत इंचभर लांबीचे रबरासारखे मऊ किडे होते, शेपटी दोऱ्याएवढी बारीक. हे पीव्हीसीचं काम. त्यात प्लॅस्टिक मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य मिसळून तापवतात आणि साच्यात ओततात. १९४९ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या निक क्रीम यांनी असले प्लॅस्टिकचे किडे बनवले. बर्फावर त्यांची सोय अशी की उघड्यावर ठेवलेली जिवंत अळी गोठून जाते, यांना ते भय नाही.

तळ्यावर पाय ठेवताना माझे गुडघे कापत होते. पायी चालायला निदान ४ इंच घट्ट, स्वच्छ बर्फ हवा, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. जावयांनी ठिकठिकाणी भोकं घेऊन जाडी मोजली आणि मगच मला पुढं बोलावलं. बागेत खांब रोवायला खड्डे घेतो तसल्याच ऑगरनं त्यांनी वीतभर रुंदीचं भोक पाडलं. खाली काळं पाणी. पाणी ४ अंश सेल्सियसला सगळ्यांत जड होतं, म्हणून थंडीत बर्फ वरून धरतो आणि त्यातल्या त्यात ऊबदार पाणी तळाला राहतं. मासे असतात, पण गारठ्यानं त्यांचं अंग मंदावलेलं. भूक थोडी, धावाधाव नाही.

किड्याच्या डोक्याशी टंगस्टनचा मणी असलेला गळ. टंगस्टन शिशापेक्षा बरंच जड, त्यामुळं मणी बारीक असूनही झरझर खाली जातो. किडा गळावर सरळ ओवावा लागतो. वाकडा बसला तर तो पाण्यात गोल फिरतो, आणि मासा जवळ येऊन माघारी जातो. हे अंदाजानं सांगत नाही. शेजारी ठेवलेल्या, मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या तबकडीवर गळाची एक रेघ, माशाची दुसरी. माशाची रेघ वर सरकते, थांबते आणि खाली जाते, हे डोळ्यांनी दिसतं.

इथं खरा फरक कळला. प्लॅस्टिकला जीव नाही. गांडुळाचं सगळं काम मनगटावर येतं. मी आधी गळाची कांडी हलवली ती कृष्णेच्या सवयीनं, ऐसपैस. जावई म्हणाले, “पप्पा, हात हलवू नका, नुसता थरथरवा.” बोटांत जेमतेम कंप ठेवायचा, म्हणजे खाली शेपटी लवलवते. मग अगदी स्थिर. मग माशाच्या डोक्यावर वीतभर उंच धरून सावकाश वर न्यायचं, कारण क्रॅपी नावाचा तिथला मासा वरचं खाणं टिपतो. गळ त्याच्याखाली गेला तर तो बहुधा फिरकतच नाही.

आणि त्याचं लागणं तर आमच्या काडीच्या अगदी उलट! क्रॅपी किडा तोंडात घेऊन वर उठतो. कांडीच्या टोकाला बारीक लवचीक पट्टी असते, ती मण्याच्या वजनानं वाकलेली असते. मासा लागला की ती सरळ होते, दोर सैल पडतो. काडी बुडण्याची वाट बघण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे हलकं होणं ओळखायला वेळ लागतो. पहिला मासा वर आला तेव्हा हातमोजा काढून त्याला धरला. बोटं बधिर झाली होती, पण आनंद गावाकडच्या पहिल्या माशाएवढाच होता.

मऊ प्लॅस्टिक आता आपल्याकडंही मिळतं. मरळीसाठी मऊ बेडूक येतो. त्याच्या अंगात गळाची टोकं दडलेली असतात, म्हणून तो जलपर्णीत अडकत नाही. मीही वापरतो. बर्फावर शिकलेलं थांबणं तिथं कामी येतं: बेडूक दोनदा हलवायचा आणि पाण्याचं वलय विरेपर्यंत सोडून द्यायचा.

गावातली पोरं माझ्याकडं बघून हे बेडूक घ्यायला लागली आहेत. त्यांना मी दोन गोष्टी बजावतो. फाटलेलं प्लॅस्टिक खिशात घालून घरी आणायचं, कारण ते नदीत कुजत नाही आणि माशाच्या पोटात अडकून राहतं. दुसरं, पाण्यावर मरळीच्या तांबूस पिलांचा पुंजका दिसला तर तिथं बेडूक टाकायचा नाही. आईबाप खाली राखण करत असतात, जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात, आणि तेव्हा त्यांना धरणं सोपं असतं. ते गेले की बाकीचे मासे पिलांना खाऊन टाकतात.